रजेवरचे कारागीर

साल एकोणीसशे एकाहत्तर. खळीचं पातेलं पलंगाखाली ढकलून धाकटी सून उठली, आणि नवऱ्याकडे पाहून तिला हसू आवरेना. थोरल्या दिराचा टाय त्याच्या गळ्यात आवळून बसला होता.

"हसू नकोस. आज मी मालक."

"आणि मी?"

"तू कारकून. वही धर हातात."

पुस्तकबांधणीचा धंदा, तोही राहत्या खोलीत. मोठ्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाई आज जागा बघायला येणार होत्या. दोन हजार पुस्तकांचं काम. मिळालं तर धंदा उभा राहणार, नाहीतर नवरा पुन्हा गोदामात पोती उचलायला. म्हणून दोघांनी पहाटेपासून खोली घासून लख्ख केली. पुस्तकं दाबायच्या यंत्रावर चादर, चादरीवर फुलदाणी. कागदाचा कपटा म्हणून शिल्लक ठेवला नाही. धाकटीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

बाई आल्या, चहूकडे पाहू लागल्या.

"बांधणी कुठे करता?"

"इथंच," नवरा म्हणाला.

"इथं? कोण करतं?"

"चार कारागीर आहेत," त्यानं ठोकून दिलं. धाकटीनं वहीतून मान वर केली. चारचं काही ठरलं नव्हतं. "आज रजेवर आहेत," नवऱ्यानं पुढे रेटलं.

"चौघेही?"

"एकाच घरातले आहेत ना."

बाई उठल्या. "मग ते आले की कळवा. मागे एकाची भली मोठी पाटी बघून काम दिलं, वर्षात पुस्तकं उसवली. मला मालक नको, शिवणारा हात बघायचाय."

त्या दाराशी पोचल्या, तेवढ्यात पडद्यामागून सासूबाई म्हणाल्या, "कसली रजा घेऊन बसलाय? चौघांचं काम ही एकटी उपसते. माझ्या लेकाला सुईत दोरा ओवता येत नाही."

नवऱ्याचे कान लाल झाले. त्यानं टाय सैल केला. "खरंय बाई. मी नुसता कापतो नि चिकटवतो. शिवते ती."

बाईंनी पिशवीतून एक उसवलेलं पुस्तक काढलं. धाकटी वही टाकून खाली बसली. तिनं सुईत दोरा ओवला आणि पहिला टाका घातला. अर्ध्या तासानं बाई दुसरा चहा घेत होत्या, आणि कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद किती घालतात ते सासूबाई त्यांना समजावत होत्या.

काम मिळालं. सासूबाईंनी पुढची अकरा वर्षं हा किस्सा येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवला. ग्रंथपालबाई निवृत्त होऊन लेकीकडे गेल्या. जाण्याआधी बांधायला दिलेली स्वतःची रोजनिशी न्यायला काही आल्या नाहीत. नवरा शेवटपर्यंत सांगायचा, "थांबा, मालकीणबाईंना विचारतो." तो गेला, आणि त्याच वर्षी धंदा बंद झाला.

परवा धाकटी नातीबरोबर त्या वाचनालयात गेली. तिच्या हातच्या शिवणीचा एक जुना कोश काढून टेबलावर उघडला. पान धरून ठेवावं लागलं नाही. कोश सपाट पडून राहिला, आणि नात दोन्ही हात मोकळे ठेवून वाचत बसली.