स्लादेकचं नाक

"कसा वाटतोय वास?" लाकडी टबावर ओणवं होऊन अलोईसने विचारलं. गेली दोन वर्षं तो प्रत्येक पाहुण्याला हे विचारत असे, आणि पाहुण्यांना ती त्याची अदब वाटे.

गळ्यापर्यंत बिअरच्या कोमट पाण्यात बुडालेले कुबेश नवरा-बायको एकमेकांकडे बघून हसले. दोघं ओस्त्रावा शहरातून आले होते. लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून लेकीने त्यांना हे स्नान भेट दिलं होतं. कुबेश जन्मभर मालगाडीचं इंजिन चालवलेला गडी. "जोरदार आहे," तो म्हणाला. "आमची आई वजडीचं सूप करायची, त्याची आठवण झाली." बायकोने पाण्याखालून त्याला कोपर मारलं.

अलोईस खूश झाला. टबाच्या कडेला बसवलेल्या नळातून त्याने दोघांचे मग पुन्हा भरून दिले. वीस मिनिटांनी त्यांना बाहेर काढलं, चादरीत गुंडाळलं, गव्हाच्या काडाच्या बिछान्यावर निजवलं आणि निघताना नेहमीची ताकीद दिली. उद्या सकाळपर्यंत अंगाला पाणी लावायचं नाही; हॉप, मॉल्ट आणि यीस्ट, बिअरचं सगळं सत्त्व, कातडीत मुरू द्यायचं. दोघांनी शहाण्या मुलांसारख्या माना डोलावल्या आणि ते चौकातल्या खानावळीत जेवायला गेले.

झातेत्स शहराच्या बाजूला, बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉपच्या मळ्यांमधल्या या गावात अलोईसला नावाने हाक मारणारी माणसं थोडीच. बाकी सगळे त्याला स्लादेक म्हणत, आदराने बोलायचं तर 'पान स्लादेक', म्हणजे स्लादेकसाहेब. बिअर गाळणाऱ्यांचा जो मुख्य, तो स्लादेक. गावची भट्टी बंद पडून अकरा वर्षं झाली तरी हा मान त्याच्याकडेच राहिला होता, आणि त्याला कारण त्याचं नाक. भट्टीच्या तळघराच्या दारात उभं राहून कुठल्या पिंपातली बिअर आंबायला मागे पडलीय ते हा माणूस सांगे. पुढे गावातल्या राद्काने त्याच तळघरात बिअरचं स्नानघर काढलं, तेव्हा ती पहिल्यांदा त्याच्याकडेच आली. तिच्या माहितीपत्रकावर दुसऱ्या ओळीतच छापलं होतं: आमचा स्लादेक प्रत्येक टब स्वतः हुंगतो.

आणि दोन वर्षांपूर्वी एका तापात ते नाकच गेलं. ताप आठवड्यात उतरला, वास काही परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. अलोईसने वाट बघितली आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. यीस्टचा रंग बघायचा, बोटाने चिकटपणा बघायचा, आणि पाहुण्यांनाच अदबीने विचारायचं. निभत होतं. घरी मात्र अवघड जाई. बायको गेल्याला तीन वर्षं झाली होती. तिच्या स्वेटरला तिचा वास अजून आहे की उडाला, हे त्याला कळत नव्हतं, आणि असलं कुणाला विचारणार.

राद्का दुपारी बाजार करून परतली आणि पायऱ्या उतरता उतरता मध्येच थांबली. तिचा हात नाकावर गेला. "पान स्लादेक, इथे काय मेलंय?"

तो हात बघूनच अलोईसने काय ते ओळखलं. राद्का तरातरा फ्रिजपाशी गेली, यीस्टच्या कॅनचं झाकण तिने उघडलं आणि तसंच दाबून बसवलं. "सडलंय हे. पार सडलंय. भट्टीवाल्यांनी असलं पाठवलं आपल्याला?"

हो म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. यीस्ट शेजारच्या गावच्या भट्टीतून येई, आणि तिथला आताचा स्लादेक अलोईसच्याच हाताखाली तयार झालेला. त्याने चार शिव्या ऐकून नवा कॅन पाठवला असता. अलोईसच्या जिभेवर ते 'हो' आलंही होतं.

"नाही," तो म्हणाला. "आलं तेव्हा चांगलं होतं. काल वादळात वीज गेली होती, त्यात बिघडलं असणार. आणि मी आज तेच टबात घातलं."

"तुम्हाला वास नाही आला?"

"मला वास येतच नाही, राद्का."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

ती पायरीवर बसली. मग तिने पाहुण्यांचं विचारलं. ते खानावळीत जेवतायत, आणि उद्यापर्यंत आंघोळ करू नका असं आपणच त्यांना बजावलंय, हे अलोईसने सांगितलं. राद्काने कपाळाला हात लावला. मग उठून म्हणाली, मी जाते, यीस्ट खराब आलं असं सांगून माफी मागते. तुमचं नाव मधे कुठे येऊच द्यायचं नाही. बोलताना तिचा आवाज मऊ झाला होता. तो मऊपणाच अलोईसला सोसवेना.

"घाण मी केली, मीच जातो," तो म्हणाला आणि त्याने टोपी घातली.

खानावळीत कुबेश दांपत्याभोवतीची तिन्ही टेबलं रिकामी पडली होती. मालकाने सगळ्या खिडक्या सताड उघडल्या होत्या. ते दोघं मधोमध बसून सायीच्या रश्श्यातलं मांस आणि डंपलिंग मन लावून खात होते. एरवी कोपऱ्यात पत्ते कुटणारी मंडळी आज दाराला खेटून बसली होती. त्यांतला ड्राहोश अलोईसचा शाळेपासूनचा दोस्त. "ये, ये," तो म्हणाला. "आज टबात काय उकळलंस रे, बोकड?"

सगळे हसले. अलोईसने टोपी काढली. त्याने ठरवलं होतं की हे एकदाच सांगायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. तो कुबेशच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

"मी तुम्हाला सडक्या यीस्टमध्ये बसवलं. मला कळलं नाही, कारण माझं नाक गेलंय. दोन वर्षं झाली. हे मी लपवून ठेवलं. अपाय काही व्हायचा नाही, पण मी मघाशी सांगितलं ते विसरा आणि साबण लावून आंघोळ करा. दोनदा करा."

मालकाच्या हातातला ग्लास नळाखाली भरून वाहू लागला.

"म्हणजे मी घरी गाळलेली प्लमची दारू आणली होती नाताळात," ड्राहोश सावकाश म्हणाला. "हुंगून म्हणालास, अशी दहा वर्षांत जमली नव्हती."

"थाप मारली."

ड्राहोशने हातातले पत्ते उलटे ठेवले आणि तो त्यांच्याकडेच बघत राहिला. अलोईसला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

कुबेशबाईंनी स्वतःचा दंड नाकाशी नेला, हुंगला आणि त्या एकदम हसत सुटल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "आम्हाला वाटलं, असंच असतं. लेकीने एवढे पैसे भरलेत म्हटल्यावर बोलायचं कसं? हा मला म्हणाला, गप बस, औषधी असणार."

"उद्या दहाला परत येतो," कुबेश तोंड पुसत म्हणाला. "आमचं स्नान राहिलंय. पण मला एक सांगा, हुंगणार कोण?"

सगळी खानावळ अलोईसकडे बघत होती. "उद्या दहाला," एवढंच म्हणून तो बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी सात वाजता तो तळघरात हजर होता. राद्काही लवकर आली होती, आणि काय बोलायचं ते ठरवून आली होती. तुम्ही कुठेही जायचं नाही, ती म्हणाली. टब घासायचे, काड बदलायचं, पाहुण्यांशी चार शब्द बोलायचे, एवढं केलंत तरी पुष्कळ आहे.

"काड बदलायला कुणीही मिळेल," अलोईस म्हणाला. "माझी कीव करू नकोस. मी तुला शिकवतो."

"मला? याआधी शाळेच्या स्वयंपाकघरात डंपलिंग वळत होते मी. मला यातलं काय कळतंय?"

"नाक आहे ना? मग बस झालं. बाकीचं मला अजून पाठ आहे."

मळ्यातून या हंगामाच्या हॉपचं पहिलं पोतं आलं होतं. अलोईसने त्यातली मूठभर बोंडं घेतली, दोन तळव्यांत धरून चुरडली आणि तळवे उघडून तिच्यापुढे धरले. पिवळी भुकटी रेषारेषांत बसली होती. राद्काने मान खाली घातली.

"गवत," ती म्हणाली.

"ते सगळेच सांगतात. त्याच्या मागे काय आहे?"

"मिरी. थोडीशीच." ती पुन्हा वाकली. "आणि ओली माती. नाही, माती नाही. थांबा."

"म्हणजे हॉप ताजा आहे. आणखी?"

"काहीतरी गोड आहे, पण ते लगेच जातं. मला पकडता येत नाहीये, पान स्लादेक."

"जाऊ दे. परत येईल, तेव्हा सांग," अलोईस म्हणाला. त्याने डोळे मिटले होते. खांदे भरून आले, तरी तिचं हुंगून होईपर्यंत त्याने हात खाली घेतले नाहीत.