चौथा चौकोन

मी चष्म्याच्या दुकानातला संगणक बोलतोय. खरं तर बोलणं माझं काम नव्हे. मी नुसता बघत राहतो. चार कॅमेऱ्यांच्या चार तारा माझ्या पाठीत खोचलेल्या आणि पडद्यावर चार चौकोन: दार, काउंटर, काचा घासायची खोली आणि चौथा, माडीवरची खोली.

हा चौथा कॅमेरा चोरासाठी नव्हता. मालकीणबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळल्या होत्या. चार वाजले की त्या कॅमेऱ्याकडे बघून हात वर करायच्या. "आलं बोलावणं," म्हणत मालक हातातली चष्म्याची दांडी खाली ठेवायचे आणि चहा घेऊन जिना चढायचे. गिऱ्हाईक बसायचं ताटकळत.

एका सकाळी त्या चौकोनात माणसंच माणसं दिसली. मग नुसती खाट.

माझ्या पोटात एकवीस दिवसांचंच चित्रण मावतं. नवा दिवस आला की सगळ्यात जुना पुसायचा, असं मला शिकवलंय. मालकांना हे ठाऊक होतं. मालकीणबाई गेल्यावर एकोणिसाव्या दिवशी त्यांचा चार वाजता वर झालेला एकच हात माझ्याकडे उरला होता. उद्या तोही जाणार. मालक माझ्यामागे वाकले आणि त्यांनी चारही तारा उपटल्या. नवं काही येणार नाही, जुनं पुसलं जाणार नाही.

चौकोन काळे पडले. दुपारी दुकान रिकामं असलं की ते तेवढंच चित्रण लावून बघायचे.

पुढच्या आठवड्यात लेक आली. "बाबा, अहो सगळं काळं! तुम्ही आत काचा घासत बसता. कुणी अख्खं काउंटर उचलून नेलं तरी तुम्हाला पत्ता लागायचा नाही."

"नेऊ दे. धूळ पुसायचं वाचेल."

तिने दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावलं. त्यांनी पडदा बदलून पाहिला, मला तीनदा बंद-चालू केलं; माझ्यामागे मात्र वाकून बघितलं नाही. "जुनं चित्रण दिसतंय, थेट चित्र तेवढं येत नाही. काका, सगळं साफ करून नव्याने टाकते."

"साफ म्हणजे?"

"आतलं जुनं जाईल. काय करायचंय ते ठेवून?"

मालक माझ्यासमोर आडवे आले. "हात लावू नका. तारा मीच काढल्यात."

मग त्यांनी चित्रण लावलं. लेक स्टुलावर बसली. हात वर झाला तसा तिने पदराने चष्मा पुसला.

"आधी सांगायचं ना काका," दुरुस्तीवाल्या बाई हळूच म्हणाल्या. त्यांनी ते चित्रण पेनड्राइव्हवर उतरवून मालकांच्या खिशात ठेवलं आणि तारा परत खोचल्या. चारही चौकोन उजळले. लेक दुसऱ्या दिवशी आपल्या घरी गेली. माझ्याकडचा तो हात त्याच दिवशी पुसला गेला.

आता चौथ्या चौकोनात गुंडाळलेली गादी असते. काल चार वाजता मालक चहा घेऊन वर गेले. खाटेच्या कडेवर बसले, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि हात वर केला.

खाली स्टुलावर कुणी नव्हतं. मी पाहिलं, पण मला जिना चढता येत नाही.

तो हात माझ्याकडे एकवीस दिवस राहील. मधे कधी चारच्या सुमारास चष्मा दाखवायला आलात, तर पडद्यावर नजर टाका. हात वर दिसलाच, तर जिना डाव्या बाजूला आहे.