चिलखती दार

सैन्याला हलकी चिलखती गाडी हवी होती, पण दर चाचणीनंतर ती जडच होत चालली. सुरुंगाचा दणका सोसावा म्हणून तळाचा पत्रा जाड केला, मग काचा जाड केल्या. वजनाची मर्यादा ओलांडली, तेव्हा कारखान्यात आराखडे करणाऱ्या देसांकावर किलो-किलो वाचवायची वेळ आली. दार उघडं धरून ठेवणारे खटके तिने काढून टाकले. माणूस हाताने धरील की, असं तिला वाटलं.

गाडी चालवून बघायचं काम वुकाशिनचं. सैन्याच्या अधिकाऱ्यांसमोर त्याने ती टेकडीच्या उतारावर झोकात आणून थांबवली आणि खाली उतरला. आतली टोपी घ्यायला वळला, तोच ते अवजड दार आपल्याच भाराने मिटलं. उजव्या हाताची बोटं चेचली. दोन कापावीच लागली.

चौकशीत त्याने सांगितलं, चूक माझी, माझं लक्ष नव्हतं. देसांका समोरच बसली होती. खटक्यांबद्दल कुणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. गाडी मंजूर झाली. पुढच्या गाड्यांना तिने गुपचूप खटके बसवले.

शरदात ती त्याच्या घरी गेली. तो अंगणात डाव्या हाताने लाल ढोबळी मिरच्या भाजत होता, बायको स्ताना भाजलेल्या मिरच्यांची सालं काढत होती.

"दादा, ते खटके मी काढले होते."

"ठाऊक आहे. रोज गाडी चालवत होतो, दिसणार नाही का मला?"

"मग चौकशीत बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर गाडी रखडली असती. अर्ध्या कारखान्याला घरी बसवायच्या गोष्टी चालल्या होत्या तेव्हा." त्याने एक मिरची उलटली. "आणि ताई, तू होतीस ना तिथे. वाटलं, तू बोलशील."

माफी मागायला आलेल्या देसांकाची माफी राहूनच गेली. स्तानाने तिच्या हातात सुरी दिली. अंधार पडेपर्यंत ती सालं काढत बसली.

दुसऱ्या दिवशी तिने कारखान्याच्या साहेबांना सगळं सांगितलं. चौकशी केव्हाच संपली, आता कशाला उकरून काढता, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. वुकाशिनला परत गाडीवर घेतलं नाही. तो आता कारखान्याच्या फाटकावर राखणीला बसतो. सकाळी आत शिरताना देसांका त्याला हात करते, तोही करतो, पण थांबून दोन शब्द बोलणं तिला अजून जमलेलं नाही.