आत्याचं दुपटं

बारशाला आत्याने काय द्यायचं, हे आमच्याकडे ठरलेलं आहे. एक नाव आणि एक अंगावरचं कापड. नाव माझ्या भावाने, हर्षवर्धनने, आणि त्याच्या बायकोने आधीच पक्कं करून ठेवलं होतं. आर्या. मला ते फक्त बाळाच्या कानात सांगायचं होतं. मग कापडात तरी आपला हात लागावा म्हणून मी दुपटं शिवायला घेतलं. ब्लाऊजच्या हुकापलीकडे आयुष्यात काही न शिवलेल्या बाईने घ्यावं असं ते काम नव्हतं. पण लग्नाला नऊ वर्षं झाली, दोनदा दिवस राहून गेले आणि घरात पाळणा हलला नाही, अशा बाईला भाचीचं किती अप्रूप असतं हे तयार दुपटी विकत आणणाऱ्यांना कळायचं नाही.

हे दोन हजार एकच्या जानेवारीतलं. आम्ही तेव्हा विरारला फुलपाड्यात राहायचो. शेजारच्या खोलीत जुलियाना शिवणाचा क्लास घ्यायची. ती मूळची अर्नाळ्याची, तोंडाने फटकळ, हाताने सोनं. मी आईच्या जुन्या नऊवारीचे सहा पदर एकावर एक घातले, वरखाली मलमल लावली आणि कडेला हिरव्या पोपटांची पट्टी. माझे टाके बघून ती म्हणाली, "सुनंदा, हे टाके हायेत का झुरळाची पावलं?" मी हसले. उसवलं, परत घातले. उसवण्यात मात्र मी आठवड्याभरात पटाईत झाले.

जुलियानाचा एक नियम होता. लाल फ्लॅनेलच्या तुकड्यात पाच सुया टोचून द्यायची. काम सुरू करताना मोजायच्या, उठताना मोजायच्या. "सुई एकदा मांसात शिरली का गप बसत नाय. चालत जाते," असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. तिच्या मावशीच्या तळहातात शिरलेली सुई कोपरापाशी निघाली होती म्हणे. मी मान डोलावली. शाळेत डोलवायचे तशीच.

बारशाच्या आदल्या संध्याकाळी एक कड शिवायची राहिली होती आणि दिवे गेले. मी मेणबत्ती लावली. मघाशी हातातली सुई कुठे ठेवली ते आठवेना. खाली पडली असेल, उद्या बघू, असं म्हणून दुसरी घेतली आणि कड बंद केली. त्या दिवशी सुया मोजल्या नाहीत. कंटाळा आला होता, याहून मोठं कारण नाही.

बारसं रविवारी, स्वप्नाच्या माहेरी, जूचंद्रला. स्वप्ना म्हणजे माझी वहिनी. पहिलं बाळंतपण, म्हणून ती तिकडेच होती. तिची आई कृष्णाबाई हिने दुपटं हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, "आत्यानं हातानं शिवलंय. आता सव्वा महिना पोर याच्यातच." मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. मग मी बाळाला मांडीवर घेतलं. लगेच कृष्णाबाईची बहीण उठली, काजळाचं बोट बाळाच्या कानामागे लावलं आणि माझ्याकडे न बघता जागेवर जाऊन बसली. आधी सात-आठ जणींनी बाळाला घेतलं होतं. तेव्हा काजळ कोणाला आठवलं नव्हतं. मी नाव सांगितलं, पेढा खाल्ला आणि घरी आले.

मंगळवारी जुलियानाचं सामान परत करायला काढलं आणि सुया मोजल्या. चार.

मी खोली झाडली. गादी झटकली. चंद्रहास, म्हणजे माझा नवरा, त्याच्या बिघडलेल्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून फरशीवरून फिरवलं. टाचण्या मिळाल्या, केसांचे आकडे मिळाले, सुई नाही. मग मला आठवलं. दिवे गेले तेव्हा मी सुई दुपट्याच्या मोकळ्या कडेत आतून टोचून ठेवली होती, हरवू नये म्हणून. आणि नंतर तीच कड मी शिवून टाकली होती.

"मग फोन करून सांग ना," चंद्रहास जेवता जेवता म्हणाला. "चूक झाली, सुई राहिली, काढून घ्या."

पुरुषांना सगळं सोपं असतं. मी त्याला म्हटलं, "मूल नसलेल्या बाईने बाळाला दुपटं दिलं आणि त्यात सुई निघाली. याला लोक चूक म्हणतात का रे?" तो चावायचा थांबला. करणी हा शब्द आम्ही दोघांनी उच्चारला नाही. लिंबात टोचलेल्या सुया त्यानेही तिठ्यावर पाहिल्या होत्या.

"तरी सांग," तो ताट उचलताना म्हणाला.

बुधवारी मी नाक्यावरच्या पीसीओवरून फोन केला. सांगायचंच असं ठरवून गेले होते. स्वप्ना म्हणाली, "ताई, बाळ दोन दिवस सारखं रडतंय. मध्येच दचकून किंचाळतं. दूध उतरत नाही का, काही कळत नाही." माझ्या जिभेवर ते वाक्य आलं होतं. "स्वप्ना, दुपटं..." एवढं म्हणालेही. मागून कोणीतरी दृष्ट काढत होतं, मोहऱ्या तडतडल्याचा आवाज आणि कृष्णाबाईचा आवाज फोनमध्ये आला, "आल्यागेल्याची, पापनीची, कोनाची असंल त्याची." आणि मी म्हणाले, "दुपट्याचा रंग जातो बहुतेक. तू ते वापरू नकोस. माझ्याकडे पाठवून दे, मी दुसरं देते."

कृष्णाबाईने फोन घेतला. "सुनंदाताई, दिलेलं परत घेतात का कोनी? रंग गेला तर जाऊ दे. पोर त्याच्यातच ऱ्हानार." त्या बिचारीने माझा मान राखायला म्हटलं. मी फोन ठेवला. माझ्यामागे रांगेत उभा असलेला माणूस म्हणाला, बाई, झालं का. मी बाजूला झाले.

गुरुवारी गेले नाही. दुसऱ्या दिवशी अचानक गेले तर कशाला आली म्हणतील, असं मनाला सांगितलं. खरं कारण भीती. मी इतकी घाबरले होते की भात दोनदा करपला. डोळ्यांसमोर जुलियानाची मावशी, तळहात ते कोपर. वीस दिवसांच्या बाळाला तर कुठे तळहातभर पाठ असते.

शुक्रवारी पीसीओवर हर्षवर्धनचा फोन आला, तिथल्या पोराने मला बोलावून नेलं. डॉक्टरांनी पोटदुखीचं औषध दिलं होतं. आणि सासूबाईंनी अंगात येणाऱ्या भगताला विचारलं होतं. सांगताना तो जरा ओशाळला. "तो म्हणतो, घरात बाहेरची वस्तू आली आहे. बारशात सगळ्याच वस्तू बाहेरून येतात, ताई, मी काय बोलणार. उद्या संध्याकाळी येऊन शोधणार आहे तो."

उद्या संध्याकाळी. भगत प्रत्येक कापड चाचपून बघणार, आणि त्याला ती मिळणार. त्याच्या अंगात असो नसो, हातांना तर कळणारच. आता नुसतं सांगूनही भागणार नव्हतं. त्याने ओळखलं आणि ही कबूल झाली, असाच त्याचा अर्थ झाला असता. मी ठरवलं, आपण आधी जायचं आणि गुपचूप काढून आणायची.

शनिवारी दुपारी नायगावला उतरून टमटमने जूचंद्रला गेले. कृष्णाबाई अंगणात बोंबील उलटत बसली होती. "या," म्हणाली. पूर्वी उठून पाणी आणायची. "स्वप्ना न्हातंय. पोर आताच निजलंय, उठवू नका."

आत अंधारं होतं. बाळंतिणीच्या खोलीचा ओव्याचा, धुरीचा वास. पाळण्यात आर्या कुशीवर झोपली होती, माझ्याच दुपट्यात. सहा दिवसांत चेहरा एवढासा झाला होता. मी कड चाचपायला सुरुवात केली. एक बाजू. दुसरी. तिसऱ्या कोपऱ्यापाशी बोटाला कडक काहीतरी लागलं आणि ते बरोबर तिच्या पाठीखाली जात होतं.

मोरीतला तांब्याचा आवाज चालू होता. मी नखांनी टाका उसवायला गेले. उसवेना. ज्या बाईचा एक टाका कधी टिकला नाही, तिचे नेमके तिथले टाके पक्के बसले होते. मी वाकून दोरा दातांनी तोडला. मलमल बाजूला केली, सुईचं नेढं दिसलं, चिमटीत धरून हळू ओढलं. ती सबंध बाहेर आली. टोकाशी काहीतरी तांबूस वाळलं होतं. ते बघायला मी सुई उजेडाकडे धरली, कोपर लागून पाळणा हलला आणि आर्या उठली. ती रडायला लागली तसा मी डावा हात तिच्या छातीवर ठेवला. सुई उजव्या हातात होती.

मोरीतला आवाज थांबला होता हे मला कळलंच नाही.

स्वप्ना दारात उभी होती. केसांना पंचा बांधलेला, त्यातून पाणी गळत होतं. तिने सुई बघितली, माझा बाळावरचा हात बघितला. मग पुढे येऊन तिने बाळाला उचललं आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली.

"मी काढत होते," मी म्हणाले. "देवाशपथ, स्वप्ना. शिवताना आत राहिली होती. बघ, टाका उसवलाय. मी काढायलाच आले होते."

तिने उसवलेल्या टाक्याकडे पाहिलं. ती शिकलेली मुलगी, तिला समजलं. मला वाटलं, सुटले.

"आत आहे हे तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारलं.

तिने करणीचं नाव काढलं असतं तर मी भांडले असते. आरडाओरडा केला असता, तिच्या आईला बोलावलं असतं, सगळ्या देवांच्या आणभाका घेतल्या असत्या. पाच दिवस मी त्याच भांडणाची तयारी केली होती. हा प्रश्न मी मनाशी एकदाही विचारला नव्हता.

"मंगळवारी," मी म्हणाले.

स्वप्नाने बाळाचं झबलं वर सरकवलं आणि त्याची पाठ माझ्याकडे केली. चिमुकल्या पाठीवर लाल ठिपके होते, काही सुकलेले, एक सुजलेला.

"आम्हाला वाटलं, पिसू चावते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. ओल्या बोटाने ती एकेक ठिपका दाखवू लागली. "हे दोन सोमवारचे. ते तुमच्या हातून चुकून झाले. हा बुधवारचा, तुमचा फोन येऊन गेला त्यानंतरचा. हे गुरुवारचे. हा काल दुपारचा. आणि हा आज पहाटेचा, ताई."