मापाचा ब्लाऊज

“हा घ्या मापाचा,” म्हणत रूपालीनं पिशवीतला जुना ब्लाऊज तानाबाईंच्या मशीनवर टाकला आणि ओढणी नीट केली.

तानाबाईंचा हात सवयीनं गळ्यातल्या टेपकडं गेला. “अंगावर घिऊ का माप? लई दिस झालं तुला येऊन.”

“नको मावशी, घाई हाय. माप तेच हाय.”

“बरं बाई.” तानाबाईंनीही फार ताणून धरलं नाही.

माप तेच नव्हतं. गेल्या वर्षी ऑपरेशन झालं आणि रूपालीचा डावा स्तन गेला. घरच्यांपलीकडं हे कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक होऊ नये म्हणून बाई वर्षभर एकाही कार्यक्रमाला गेली नाही. पण आता भाच्याचं, आर्यनचं, लग्न. सख्खी आत्या घरात बसून कशी राहणार? त्यात लग्न बुद्धविहारात, तिथं नेसायची ती पांढरी साडी, म्हणजे सगळं दिसणार. बाजारातले तयार ब्लाऊज आणून बघितले, एक धड बसेल तर शपथ! सगळे कपाटात नुसते पडून. कापडाची नासाडी ती नासाडी, वर मनस्ताप. तानाबाईंनी शिवलेला ब्लाऊज मात्र वर्षानुवर्षं चालायचा. आत दोन बोटं कापड राखूनच त्या शिवायच्या. गिऱ्हाईक अंगानं सुटलं, की उसवायचं आणि वाढवायचं. म्हणून रूपाली इथंच आली. आली, आणि तोंडातनं खोटं गेलं.

घरी जिवाला चैन पडेना. भाजीत मीठ दोनदा पडलं, नवरा काही बोलला त्याच्यावर खेकसली. दुसऱ्या दिवशी शाहूपुरीतल्या तानाबाईंच्या गाळ्यात पुन्हा हजर. कापड अजून घडीतच होतं. आता सांगावं, आता सांगावं करत शेवटी “हूक पुढनंच हं,” एवढंच बोलली आणि चालती झाली. रिक्षात स्वतःलाच शिव्या घातल्या. अगं, सांगितलं असतंस तर काय आभाळ कोसळलं असतं?

शुक्रवारी ब्लाऊज तयार झाला. पडद्याआड तिनं तो घातला. उजवीकडं झकास. डावीकडं कापड पोकळ लोंबत होतं. घरी जाऊन कापूस भरू, असं ती मनाशी म्हणते तोवर तानाबाईंनी पडदा सारला. तिनं झटकन ओढणी ओढली, तरी बगलेपासनं झोळ दिसतच होता.

“ह्यो झोळ कसा आला गं?” तानाबाईंचा चेहरा उतरला.

“ऱ्हाऊ द्या मावशी. चालतंय.”

“चालतंय? पांढऱ्यावर चालतंय? माझीच कात्री हुकली असणार. तुझं कापड नासलं की गं!” त्यांनी गळ्यातला टेप काढला, कात्रीबरोबर मशीनच्या खणात टाकला आणि खण लावला. “सून म्हणतीया, मशीन विकून टाका. खरंच हाय तिचं. बास झालं आता.”

रूपालीला सुटायला रस्ता मोकळा होता. गप्प बसायचं, ब्लाऊज घ्यायचा, रिक्षा धरायची. पडद्याआड काढलेली चप्पलसुद्धा तिनं पायात सरकवली. पण पाय निघेना. आपल्या खोट्यापायी ही म्हातारी हातातलं काम सोडायला निघाली, याची तिला भयंकर लाज वाटली.

“तुमची कात्री न्हाय हुकली,” ती म्हणाली. आवाज नको तेवढा मोठा आला. “मीच खोटं बोलले. कॅन्सर झालता मला. डावीकडचं काढलंय.”

आता या हळहळणार, डोळ्याला पदर लावणार. वर्षभर तिला धास्ती होती ती याचीच. पण तानाबाई चक्क भडकल्या.

“मग आधी सांगाया काय झालतं तुला? मी आपली सोताला खात बसलीया!” खण खाडकन उघडून त्यांनी टेप काढला, पडद्याच्या आत आल्या आणि मागं पडदा ओढून घेतला. “काढ ती ओढणी. हुका सोड. हात वर कर.”

“हात पुरता वर जात न्हाय आता.”

“जाईल तेवढा कर की.”

हात खांद्यापर्यंत गेला आणि थांबला. तानाबाईंनी टेप छातीवरनं फिरवला. टोक डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ आणलं. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या,

“आकडा मला दिसत न्हाय गं. सुनंला सांगू नगंस. तूच वाच.”

रूपालीनं मान वाकवून स्वतःच्या छातीकडं पाहिलं, आणि आकडा वाचला.