घनश्यामभाऊचा फ्लेक्स

घनश्यामभाऊला नाव हवं होतं, दुसरं काय. माणूस वाईट नव्हता हो. नदीकाठच्या गावात त्याचं किराण्याचं दुकान बरं चालायचं. पण गावानं वैनगंगेचा डोह माशांसाठी राखायचं ठरवलं आणि याच्या पोटात दुखायला लागलं. जाळ्यावर पोट असलेल्या भैयालालनं डोहात जाळं टाकणं बंद केलं. रुख्माबाईनं काठावरची कलिंगड-काकडीची डांगरवाडी मोडली, तिथं गवत माजलं आणि त्या गवतात मासे अंडी घालायला यायला लागले. सभेत या दोघांचंच कौतुक. घनश्यामजवळ ना जाळं, ना काठाची जमीन. मग पठ्ठ्यानं डोहात सोडायला बालाघाटहून मांगूर माशाच्या पिल्लांचे दोन ड्रमच आणले.

"भैयालालभाऊले एकडाव दाखवून तं घ्या," बायको शीला म्हणाली.

"चांगल्या कामाले कोनाले काहून विचारू?" हा उखडला.

विकणाऱ्यानं सांगितलं होतं, पिल्लं झपाट्यानं वाढतात, काहीही खातात. तेवढ्यावर स्वारी खूश. बँड बोलावला, स्वतःच्या हसऱ्या फोटोचा हा मोठा फ्लेक्स डोहावरच्या झाडाला बांधला आणि ड्रम उपडे केले. लोकांनी हार घातला, यानं मान वाकवून घालून घेतला.

ती परदेशी मांगूर निघाली. काहीही खाते म्हणजे खरंच काहीही खाते, दुसऱ्यांची अंडी खाते, पिल्लं खाते. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत डोहात मरळ दिसेना, बाम दिसेना. भैयालालनं जाळं टाकून पाहिलं तर नुसती काळी, मिशावाली मांगूर.

सभा बसली. घनश्याम मागच्या खांबाला टेकून शिव्यांची वाट पाहत होता. कुणी तरी बोलेल, दोन ठेवून देईल, म्हणजे सुटलो. पण कुणी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मांगूर पुरातबी येऊ शकते," भैयालाल म्हणाला. "आता सबन गावानं मिळून काढा लागन."

पूर आलाच नव्हता त्या साली. ते सगळ्यांनाच माहीत होतं. घनश्यामला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

जाळी ओढायच्या दिवशी अख्खं गाव डोहावर. जाळ्यात एकच मरळ आली, ती भैयालालनं दोन्ही हातांनी उचलून परत पाण्यात सोडली. बाकी सगळी मांगूर. ती टाकायला काहीतरी अंथरायला हवं म्हणून जाळं ओढणाऱ्या दुलीचंदनं झाडाला बांधलेला फ्लेक्स सोडून आणला आणि रेतीवर पसरला. त्याच्या मनात काही नव्हतं, हाताशी तेच होतं. फ्लेक्सवर घनश्याम हसत होता.

रुख्माबाई मांगूरनं भरलेलं टोपलं घेऊन आली. तिनं फ्लेक्स पाहिला, कडेला उभ्या घनश्यामला पाहिलं. टोपलं खाली ठेवलं आणि फ्लेक्स उलटा केला, कोरी बाजू वर.

घनश्यामच्या डोळ्यांत पाणी आलं. जिनं डोहासाठी स्वतःची वाडी मोडली, तीच त्याची अब्रू झाकत होती. इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

"मले काही बोला ना, बाई," तो म्हणाला.

"बोलून मरळ वापस येते का, भाऊ?"

घनश्याम खाली बसला. फ्लेक्सची दोन टोकं धरून त्यानं तो पुन्हा सुलटा केला, हसरं तोंड वर. मग रुख्माबाईचं टोपलं उचललं आणि सगळी मांगूर स्वतःच्या हातानं त्या तोंडावर ओतली.