तिकडं न वाजलेली घंटी

बोरीच्या कस्तुराबाई आणि राणीसावरगावच्या धुरपदाबाई या सख्ख्या बहिणी. रोज सकाळी कस्तुराबाईंनी थोरलीच्या घरच्या जुन्या फोनवर दोन घंट्या द्यायच्या नि कापायचं. म्हणजे ‘इकडं सगळं बरं हाय.’ तिसरी वाजली तरच आक्कानं उचलायचा. शेताच्या घाईत बोलायला सवड कुणाला? पंधरा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

मग कस्तुराबाईंच्या सुनेनं, निकितानं, कौतुकानं सासूच्या मोबाइलवर इंटरनेटवरून फोन लावणारं ॲप टाकलं. ते ॲप बनवणाऱ्या कंपनीचंच काम ती घरून करायची.

चारच दिवसांत शेजारची पंचफुला राणीसावरगावाहून निरोप घेऊन आली. “धुरपदामावशी म्हणल्या, कस्तुरा घंटीबी देईना गेली. मी काय बारशाला येत न्हाई.”

निकिताच्या लेकीचं लांबलेलं बारसं रविवारी, आणि घरात पाळणा म्हणणारी मावशी एकटीच.

“अगं, रोज दोन घंट्या द्यायलेव की,” कस्तुराबाई म्हणाल्या. “माझ्या कानानं ऐकल्या. आक्काला निमित्तच पायजे.”

“आई, माझ्यासमोर लावा बरं.”

लेकीला मांडीवर थोपटत निकितानं लॅपटॉप उघडला. सासूच्या कानात घंटी वाजली, दुसरी वाजली, त्यांनी कापला. पडद्यावर मात्र राणीसावरगावचा फोन अजून सापडायचाच होता. इंटरनेटची बोली एसआयपी, जुन्या टेलिफोनची एसएस-सेवन. मधलं यंत्र दुभाष्या. तिकडून ‘वाजायलंय’ असा निरोप यायला सात-आठ सेकंद लागत. तोवर माणूस शांततेला कंटाळून फोन कापतो, म्हणून यंत्रानं आपल्याच मनानं घंटी ऐकवायची, ही सोय निकितानंच करून ठेवली होती.

ती ओशाळून म्हणाली, “आई, ती घंटी फक्त तुम्हालाच ऐकू येत होती.”

“म्हंजी तुझं यंत्र मला चार दिवस खुळखुळा दाखवायलंय?”

“हो.”

“पोरीला दाखव की. तिला खपतंय.”

हसू दाबत निकितानं आपल्या घरच्या नंबरापुरती ती सोय बंद केली. आता तिकडून निरोप आल्यावरच इकडं घंटी. कस्तुराबाईंनी पुन्हा फोन लावला. बराच वेळ काहीच नाही.

“मुकं झालं गं हे.”

“थांबा. कापू नका.”

पहिली घंटी वाजली. कस्तुराबाईंनी मोजायला एक बोट दुमडलं. दुसरी वाजायच्या आतच पलीकडून आवाज आला.

“मेलीस का गं कस्तुरे? का ताठ्यात हाईस?”

पंधरा वर्षांत पहिल्यांदाच आक्कानं नेम मोडला होता.

“आक्का, फोनपाशीच बसली होतीस व्हय?”

“बसती कशाला? झाडायलेव इथं.” मग हळूच, “चार दिवस झाले झाडायलेव.”

निकितानं लेकीला उचलून फोनजवळ धरलं. लेक हुंकारली.

“ही बघ, बोलावायली तुला,” कस्तुराबाई म्हणाल्या.

“तुझ्यापरीस शहाणी हाय. शनिवारच्याच गाडीनं येते. पाळणा नीट बांध. मागल्या वक्ताला तिरपा बांधला होतास.”

त्यानंतर मागल्या वक्ताचा पाळणा कुणी बांधला होता, यावर दोघी अर्धा तास भांडल्या.